गोमाजीभावजींची बाटली

ज्या रक्ताच्या उपकाराखाली येसूबाई तेहतीस वर्षं मान खाली घालून वावरली, ते रक्त खरोखर तिच्या अंगात गेलं असतं तर ती त्याच दिवशी मेली असती, हे तिला मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास कळलं. तेव्हा ती महाडच्या एका रक्तपेढीत, धड खुर्ची नाही नि धड खाट नाही अशा निळ्या आसनावर उताणी पडली होती. उजव्या हाताच्या कोपरात सुई होती, मुठीत पिवळा मऊ चेंडू होता, आणि खाली डुलणाऱ्या तबकात तिच्याच नावाची पिशवी नुकती कुठं भरायला लागली होती. सांगितलं रक्तपेढीतल्या सुम्बुलनं. पंचविशीची पोर, कामात चोख, बोलण्यात सरळ. तिच्या हातात गोमाजीभावजींचं रक्तगटाचं कार्ड होतं. गोमाजी म्हणजे येसूबाईच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांनी ते कार्ड बाहेरून मोठ्या दिमाखात आत धाडलं होतं, आणि धाकटा भाऊ महिपत ते निमूट घेऊन आला होता.

"काकू, तुम्हाला मागं रक्त चढवलं होतं, ते कुणाचं म्हणालात?"

"भावजींचं. ते काय, भायेर बसल्येत ते."

"नक्की?"

"तेहतीस वर्सं ऐकत्येय. नक्की नसंल तं काय?"

"मग कुठंतरी घोटाळा आहे. तुमचा गट ओ, यांचा एबी. यांचं रक्त तुम्हाला चढवलं असतं ना काकू, तर तुम्ही आज इथं नसता," सुम्बुल म्हणाली, आणि नळीला पडलेला पीळ सोडवायला वाकली.

असं काही कळलं की माणसाला रडू येतं, निदान गरगरतं तरी, असं म्हणतात. येसूबाईला तसलं काही झालं नाही. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि मूठ अशी आवळली गेली की चेंडू पार चपटा झाला. "हळू, काकू, घाई नाही आपल्याला," सुम्बुल म्हणाली. येसूबाईनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. महिपत स्टुलावर बसला होता. एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं पाळ्या करून निवृत्त झालेला, घरात कधी आवाज न चढवलेला, रोज सकाळी तिच्या हातावर लोहाची गोळी आणि गुळाचा खडा ठेवणारा माणूस. ज्याला यातलं काही ठाऊक नसतं, तो अशा वेळी दचकून बायकोच्या तोंडाकडं बघतो. महिपत पिशवीकडं बघत होता. तबक इकडं डुललं की त्याची नजर इकडं, तिकडं डुललं की तिकडं. तेवढ्यावरून येसूबाईनं ओळखलं, की याला माहीत आहे, आणि आज कळलेलं नाही, पहिल्यापासून माहीत आहे.

ती बाटली. घरात तिला दुसरं नाव नव्हतं. 'ती बाटली' म्हटलं की पोरासोरांनाही कळायचं. तेव्हा ते गावी, कापड्याला राहत. शिमग्याचे दिवस होते आणि पालखीसाठी गोमाजीभावजी आणि त्यांची बायको ठकूवयनी मुंबईहून आले होते. अक्षदा झाली ती घरातच, सुईणीच्या हातून, सुखरूप झाली. पण मग येसूबाईचं रक्त थांबेना. जीप कुणी आणली, तिला जीपमध्ये कुणी घातलं, यातलं तिला काही आठवत नाही. आठवतात ते तुकडे. अंगाखालची चिकट, गरम गोधडी. पोलादपूरच्या नाक्यावर वाजत राहिलेला भोंगा. ठकूवयनीच्या मांडीवर आपलं डोकं, आणि तिच्या काचेच्या बांगड्यांचा कपाळाला लागणारा गारवा. मग बराच वेळ काही नाही. जाग आली तेव्हा डोक्यावर एक बाटली लटकत होती आणि तिच्या तळाशी काळपट लाल असं काहीतरी उरलं होतं. ते कुणाचं, हे विचारायचीही ताकद तिच्यात नव्हती, आणि विचारायची पाळी आलीच नाही. घरी आल्यावर सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला तो आधी गोमाजीवरून, मग तिच्यावरून. अंगणात सगळी भावकी जमली होती आणि भावजी शर्टाची बाही वर सारून सांगत होते, "आख्खी बाटली काढली माझी. म्हटलं, काढा, आनखी लागली तं आनखी काढा, पर माझ्या भावाची बायको जगली पायजेल." येसूबाई उंबऱ्याच्या आत, मांडीवर चार दिवसांची पोर घेऊन, भिंतीला टेकून बसली होती. तिला भरून आलं होतं. तिनं मनात म्हटलं होतं, की जन्मभर या माणसाचे पाय धुवीन. आज त्या भरून येण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

पाय धुवायची वेळ भावजींनी तिच्यावर पुरेपूर आणली. सुरुवातीला थट्टेनं असायचं. गणपतीत अकरा माणसांचा गोतावळा घेऊन ते यायचे, येसूबाई चुलीपुढं घामानं निथळायची, आणि ताटावर बसून भावजी म्हणायचे, "माझं रक्त खेळतंय अंगात, आन् हात येवढा आखडता कसा गो तुझा?" सगळे हसायचे. तीही हसायची. पुढं थट्टा उरली नाही. पुढची पडवी त्यांची झाली, कारण मुंबईहून दमून येणाऱ्या माणसाला उजेडाची जागा नको का. अक्षदाचं नाव त्यांनी ठेवलं. तिला कोणत्या शाळेत घालायचं ते त्यांनी ठरवलं. दहावीला पोरीला बरे गुण पडले आणि ती नर्सिंगचं म्हणू लागली, तेव्हा भावजींनी मुंबईहून फोनवरूनच तो विषय मिटवला. स्वतःला मूलबाळ नव्हतं, म्हणून जरा जास्तच जीव लावतात, असं सासू म्हणायची. आणि मग विसाव्या वर्षी तिचं लग्न. नालासोपाऱ्याचा मुलगा, भावजींच्या दोस्ताचा पुतण्या. येसूबाईला तो पहिल्या दिवशीच आवडला नव्हता. चहा देताना त्यानं कपबशीकडं बघितलं होतं, पोरीकडं नाही, आणि कपाचा कान फुटका आहे हे सगळ्यांदेखत बोलून दाखवलं होतं. तिनं उभ्या आयुष्यात एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "भावजी, मला नाय वाटत." भावजी रागावलेसुद्धा नाहीत. शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी मी हात पुढं केला नसता तं ह्या पोरीला आय नसती. आयच नसती तं नाय म्हनायला कोन असतं?" बिनतोड वाटलं होतं ते तिला. तिनं तोंड मिटलं, ते मिटलंच.

अक्षदा आता तेहतीस वर्षांची आहे आणि तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कुणी बोलायला लागलं की ती मान उजवीकडून पुढं करते. परक्याला वाटतं, पोर मोठी लक्ष देऊन ऐकते. तो कान सासरी कसा गेला, हे तिनं आईला आठ वर्षांनी सांगितलं, आणि यंदा जानेवारीत एक बॅग घेऊन ती महाडला आली ती परत गेली नाही. एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली. सकाळी कंपनीच्या बसनं जाते, संध्याकाळी येते, जेवते आणि झोपते. गेल्या महिन्यात एकदा झोपेत हसली. त्या हसण्यानं जागी झालेली येसूबाई तिच्याकडं बघत बसली होती.

"काकू, अर्धी झाली बरं का," सुम्बुल म्हणाली. येसूबाईनं खाली बघितलं. पिशवी फुगत चालली होती. तिच्यावरच्या चिठ्ठीवर तिचं नाव होतं, तारीख होती, आणि खाली छापलं होतं, 'फक्त स्वतःसाठी'.

हे सगळं निघालं ते खुब्यावरून. ऐन उमेदीत भाताची लावणी, नंतर महाडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पाण्याच्या कळशा, आणि आता उजवा खुबा असा झिजला होता की शौचाला बसताना ती पदराचा बोळा तोंडात धरायची. हाडांचे डॉक्टर म्हणाले सांधा बदलू, रक्त लागेल. मग रक्ताची तपासणी झाली आणि एकही पिशवी तिच्याशी जुळेना. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की गट साधाच आहे, पण तुमच्या रक्तात परक्या रक्ताला विरोध करणारं काहीतरी तयार झालंय. बाळंतपणातून होतं असं, नाहीतर मागं कधी दुसऱ्याचं रक्त चढवलं असेल त्यातून. आता जुळणारं शोधत बसण्यापेक्षा तुमचंच रक्त आधी दोन वेळा काढून ठेवू, आणि ऑपरेशनच्या वेळी लागलं तर तेच तुम्हाला देऊ. महिपत घाबरला होता. येसूबाईला दवाखान्याचा जिना उतरताना हसू आवरत नव्हतं. तिचं तोंड तेहतीस वर्षं गप्प बसलं, पण तिच्या रक्तानं मात्र भावजींच्या बाटलीवर डूख धरला होता! आतल्या आत, कुणाला न सांगता, ते भांडत राहिलं होतं. आणि आता तिला कुणाचा थेंबही नको होता. तिचं तीच देणार, तिचं तीच घेणार, मध्ये कुणी हात पुढं करणारा नाही.

त्यासाठी तिनं नाचणी खाल्ली, कुळीथ खाल्ले, बीट खाल्लं, जे तिला मातीसारखं लागतं. गोळ्यांनी पोट आवळून यायचं, तरी एक दिवस चुकवला नाही. दोन आठवड्यांपूर्वी पहिली पिशवी दिली, तेव्हा सुम्बुलनं चिठ्ठीवर तिची सही घेतली होती. येसूबाईनं सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं करत नाव लिहिलं आणि खालची छापील ओळ दोनदा वाचली. फक्त स्वतःसाठी. घरात जेवायचं ताटसुद्धा तिचं असं नव्हतं; जे आधी रिकामं होईल ते तिचं. आणि आता फ्रिजात, थंडीत, तिच्या नावाची पिशवी ठेवली होती आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असा नियम होता. त्या दिवशी घरी जाताना तिला खुबा दुखल्याचं आठवत नाही.

मग महिपतनं ते फोनवर भावाला सांगितलं. सांगायची काय गरज होती? पण त्याला सगळं सांगायची सवय. भावजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझं रक्त तवा चाललं, आता नको झालं व्हय? मी काय मेलोय?" असं म्हणून रविवारी गाडी करून हजर झाले, सोबत ठकूवयनी. ठकूवयनी नेहमीप्रमाणे दारातून आत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि पाट्यापुढं बसली. कमी बोलणारी बाई. येसूबाईला तिची कधी कणव आली नाही. त्या माणसाची बायको, त्याच्या प्रत्येक वाक्याला मान खाली घालणारी, गोतावळ्यातली बारावी. तिच्याशी ती तेवढ्यास तेवढं बोलायची, आणि कधी राग अनावर झाला की तो तिच्यावरच काढायची. भावजींवर काढता येत नव्हता. 'वयनी, कांदा असा चिरत्यात व्हय', 'वयनी, तुला काय कळतंय पोरांचं'. हे दुसरं वाक्य एकदाच बोलली होती ती. ठकूवयनीनं तेव्हा विळी आडवी करून ठेवली होती आणि परसात निघून गेली होती.

काल जेवताना भावजींनी जाहीर केलं, की बुधवारी, म्हणजे उद्या, अक्षदाला ते आपल्या गाडीतून नालासोपाऱ्याला पोचवणार. तिकडच्यांशी बोलणं झालंय. पालखी घरी यायच्या आधी पोर सासरी दिसली पाहिजे. गावच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष म्हणून त्यांना दहा जणांना तोंड द्यावं लागतं. अक्षदा उजवा कान पुढं करून ऐकत होती. तिच्या हातातला घास हातातच राहिला. तिनं आईकडं बघितलं. भावजींनीही बघितलं, आणि नुसतं म्हणाले, "काय गो येसू? माझा येवढा तरी हक्क हाय ना?" येसूबाईनं वाटी उचलली आणि त्यांना भात वाढला. त्यालाच होकार समजायची त्या घरात रीत होती. मागाहून भांडी घासताना अक्षदा तिच्याजवळ आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "आई, तू काहीच बोलली नाहीस." आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन विसळू लागली.

आणि आज सकाळी भावजी रक्तपेढीत येऊन उभे राहिले, बाही वर करून. सुम्बुलनं परोपरीनं सांगितलं, की काका, यांना बाहेरचं रक्त नकोय, तुमचं वयही बसत नाही. पण ऐकतील ते भावजी कसले! "आधी तपासा तं खरं. जुळनारच. एकदा जुळलंय!" तिथल्या रांगेतल्या लोकांना त्यांनी सगळी कहाणी सांगितली, जीप, बाटली, 'आनखी काढा'. शेवटी पोरीनं कटकट मिटवायला त्यांच्या बोटातून थेंब घेतला. येसूबाई आता त्याचाच विचार करत होती. लबाड माणूस असं करत नाही. लबाड माणूस तपासणीच्या वाऱ्याला उभा राहत नाही. याचा अर्थ त्यांना खरंच वाटत होतं. हजार वेळा सांगून सांगून त्यांना ती सुई टोचल्याचं आठवत होतं. त्या खोट्यावर त्यांनी तिचं अख्खं आयुष्य चालवलं, आणि त्या खोट्याची साधी आठवण ठेवण्याचीही तसदी घेतली नाही. निदान लाजेपुरतं तरी लक्षात ठेवायचं होतं!

"अवं," येसूबाई म्हणाली. "कुनाचं व्हतं?"

महिपत पिशवीकडं बघतच म्हणाला, "घरी सांगतो गो. आता हात नको हालवूस."

"हितंच सांगा."

"येसू, सुई हाय हातात."

"सुई हाय म्हनूनच पडून ऐकत्येय. न्हायतर उटले असते."

सुम्बुल कपाटापाशी गेली आणि उगाच बाटल्या पुसू लागली. महिपतनं दोन्ही तळहात मांड्यांवर घासले. "ठकूवयनीचं," तो म्हणाला. "तिघांचं बी तपासलं तवा. माझं नाय जुळलं, दादाचं नाय जुळलं. वयनीचं जुळलं. तुझ्या शेजारच्या खाटंवर झोपवली तिला."

"आन् सांगितलं का नाय?"

"आयेपायी. वयनीच्या लग्नाला सा वर्सं झालेली, मूल नाय. आयेनं नवस बोललेला. बाईनं रक्त दिलं म्हन्ल्यावर आयेनं तिला उभी जाळली असती, म्हनली असती, हिनंच कूस सुकवली. दादा म्हनला, मी दिलं म्हनून सांगू. मला बी बरं वाटलं. तवा बरंच व्हतं गो ते."

"आन् आय मेल्यावर?"

महिपतची नजर पुन्हा डुलणाऱ्या तबकाकडं गेली.

"आय मरून अठरा वर्सं झाली. अक्षदाचं लगीन त्याच्या म्होरं झालं. तवा कुनाची आय जित्ती व्हती?"

"दादानं मला कंपनीत चिकटवलं येसू. त्येच्या वळखीनं लागलो. मंग त्येला चारचौघांत कसं..." तो थांबला. "मला वाटलं, कुनाचं का असंना, तू जगलीस ना."

चेंडू येसूबाईच्या मुठीतून सुटून फरशीवर घरंगळत गेला. महिपत तो उचलायला वाकला, आणि त्याच्या वाकलेल्या पाठीकडं, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्याकडं बघताना तिला वाटलं, की भावजींवरचा राग हा काहीच नव्हे. भावजींच्या तोंडाला तोंड देता आलं असतं. या माणसाचं काय करायचं? हा रोज गुळाचा खडा हातावर ठेवतो. खुबा दुखतो म्हणून रात्री तेल चोळतो. आणि भर बैठकीत, 'आयच नसती तं नाय म्हनायला कोन असतं' हे वाक्य पडलं तेव्हा हा दोन हातांवर उभा होता, पानसुपारीचं तबक घेऊन. याच्या तोंडातून एक शब्द निघाला असता तर अक्षदाचा कान आज धड असता. एक शब्द. तो यानं तेहतीस वर्षं सांभाळून ठेवला, आणि आज सुई टोचलेली असताना काढला. भांडकुदळ नवरा असता तर ती कधीच भांडून मोकळी झाली असती. या गरीब स्वभावानं तिला जन्मभर गाफील ठेवलं.

आणि वयनी! तिला तरी काय झालं होतं? तिच्या देखत तिचा नवरा तिचं रक्त आपल्या नावावर मिरवत होता आणि ही बया पाट्यावर वाटण वाटत होती. एक दिवस, एका वाक्यात, मोरीपाशी, चुलीपाशी, कानात तरी सांगायचं! येसूबाईला आपलं ते हसू आठवलं, दवाखान्याच्या जिन्यावरचं. रक्तानं डूख धरला म्हणून ती खूश झाली होती. कुणावर धरला होता? त्या गार बांगड्यांच्या बाईवर. तिचं तोंड ज्या बाईला कांद्यावरून, मुलांवरून बोलत होतं, तिलाच तिचं रक्तही आतून शत्रू धरून बसलं होतं. म्हणजे तिचा स्वतःचा रागसुद्धा तेहतीस वर्षं चुकीच्या दारात उभा होता. तिला वाटलं, हा हात उपटावा, ती पिशवी भिंतीवर फेकावी. पण पिशवीवर तिचं नाव होतं. ती तिची होती. ती फेकणार नव्हती.

"झालं, काकू," सुम्बुल म्हणाली. तिनं नळीला चिमटा लावला, सुई काढली, कापूस दाबला. "लवकर भरली आज. थोडा वेळ पडून राहा, मग सरबत घ्या, बिस्किटं खा. रक्त दिल्यावर उपाशी राहायचं नाही." मग जरा घुटमळून हळूच म्हणाली, "मी बोलायला नको होतं का, काकू?"

"तूच येक बोललीस," येसूबाई म्हणाली.

ती पडून राहिली नाही. सुम्बुलनं डाव्या दंडाला धरलं. महिपत काठी घेऊन पुढं झाला, तेव्हा तिनं काठी घेतली आणि त्याचा हात घेतला नाही. खोलीच्या दारापासून बाहेरच्या बाकापर्यंत पंधरा पावलं असतील. प्रत्येक पावलाला खुबा करकचत होता. बाकावर गोमाजीभावजी पाय पसरून बसले होते. रक्त देणाऱ्यांसाठी ठेवलेल्या बिस्किटांचा पुडा त्यांच्या हातात होता, अर्धा संपलेला, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगत होते, की एबी म्हणजे गटांतला राजा. पलीकडच्या टोकाला ठकूवयनी, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा, पदर डोक्यावर. सासष्ट वर्षांची झाली होती ती. येसूबाईला तिचं वय आजवर कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

"झालं का गो?" भावजी म्हणाले. "बघितलंस माझं कारड? ती पोरगी घेत नाय म्हनते. वय काय बघत्यात? रक्त बघा म्हनावं!"

"बघितलं," येसूबाई म्हणाली. ती बसली नाही. "भावजी, त्या कारडावरचं रक्त मला दिलं असतं तं मी तवाच मेले असते. आत ती पोरगी सांगत्येय. जाऊन इचारा."

भावजींच्या हातातलं बिस्किट तोंडाच्या वाटेवर थांबलं. त्यांनी भावाकडं बघितलं. महिपत या वेळी जमिनीकडं बघत होता. भावजींच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग नुसता गोंधळ, आणि मग हळूहळू, कुठून तरी लांबून, आठवल्यासारखं काहीतरी येऊ लागलं. एरवी कुणा म्हाताऱ्याचा असा चेहरा बघून येसूबाईला दया आली असती. तिला आली नाही.

"आता काय जुनं उकरतेस," ते म्हणाले. "घरातल्या घरात कुनी दिलं, येकच. आमचं रक्त काय येगळं हाय? उद्या अक्षदाला सोडून येतो, मंग बसून बोलू."

"बसून कशाला? रक्ताचा हक्क तुमीच म्हनता ना? मंग ज्येचं रक्त, त्येला इचारते." येसूबाई ठकूवयनीकडं वळली, काठीवर भार टाकून थोडी वाकली. हिला लगेच माफ करायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. "वयनी, तू सांग. अक्षदाला धाडू का गो उद्या?"

रांगेतले लोक वळून बघू लागले. ठकूवयनीनं वर बघितलं. तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. तिला वाटलं असावं, दुसऱ्याच कुणाला विचारलंय. तिनं नवऱ्याकडं बघितलं, सवयीनं. तो "येसू, आता पुरं" असं काहीसं म्हणत होता. मग तिची नजर त्याच्या हातातल्या पुड्यावर गेली आणि तिथंच राहिली.  तिचे ओठ आत ओढले गेले होते. येसूबाईनं हा चेहरा पूर्वी एकदा बघितला होता, विळी आडवी ठेवताना.

"नाय," ठकूवयनी म्हणाली. "पोर कुटं जानार नाय."

ती डबा खाली ठेवून उठली, नवऱ्याच्या हातातून पुडा काढून घेतला आणि बाकावर ठेवला. येसूबाईला दंडाला धरून त्याच्या जागेवर बसवलं. तो बाजूला सरकला. मग तिनं डब्याचं फडकं सोडलं, डबा उघडला, नाचणीची भाकरी मोडून त्यावर चटणीचा गोळा ठेवला आणि येसूबाईच्या डाव्या हातात दिली.

"खा आधी," ती म्हणाली. तिचा आवाज रागानं कापत होता. "रक्त काडल्यावर खावं लागतंय. मला त्या दिशी कुनी पानी बी इचारलं न्हवतं."